वर्ष झालं, टेनिस एल्बो बरा होत नाही. ऑपरेशन करावं का? नंतर हात पहिल्यासारखा चालतो का?

मी केलंय आणि हात चालतोय. रॅकेट मात्र उभ्या जन्मात धरलेली नाही. तासगावकडं द्राक्षबाग आहे. ऑक्टोबर छाटणीत दिवसभर कात्री दाबून कोपराच्या बाहेरच्या हाडावर दुखणं बसलं ते बसलंच. भरलेला तांब्या उचलला की बोटं आपोआप सुटायची. एकदा पाहुण्यांसमोर पायावरच पडला.

तेव्हाच थांबायला हवं होतं. पण आण्णा, म्हणजे आमचे थोरले बंधू, म्हणाले, "छाटणी हुंदे आधी. एक इंजेक्शन मार." मारलं. आठ दिवसांत हात इतका हलका झाला की आण्णांच्या पाया पडायचा तेवढा राहिलो. दीड महिन्यात दुखणं दुप्पट होऊन परत. मग दुसरं, आणि एप्रिलच्या खरड छाटणीला तिसरं. स्टेरॉइडनं दोन-चार आठवडे सुख मिळतं. वर्षाच्या शेवटी ते न घेणारेच जास्त बरे असतात. हे मिरजेच्या डॉक्टरांनी सांगेपर्यंत माझे १४ महिने गेले होते.

ऑपरेशन मोठं नाही. हात तेवढा बधिर केलेला, मी जागा. मनगट उचलणारा स्नायू हाडाला जिथं चिकटतो, तिथला खराब भाग काढून टाकतात. डॉक्टरांनी गॉजवरचा तुकडा दाखवला. चांगला कंडरा, म्हणजे स्नायूला हाडाशी बांधणारा दोर, पांढरा, चकचकीत असतो. हा करडा, भिजलेल्या पुठ्ठ्यासारखा. ही सूज नसते, झीज असते, त्यामुळं गोळ्या खाऊन मुळावर इलाज होत नाही. संध्याकाळी घरी आलो. कात्री धरायला पाच महिने लागले. त्या हंगामात आण्णांनी मजूर लावले आणि मजुरी माझ्या नावावर मांडली.

ते अजून म्हणतात, "ऑपरेशननं काय झालं न्हाई, बसून खाल्लंस म्हणून बरा झालास." लेक फिजिओथेरपी शिकते. तिनं सांगितलं, ऑस्ट्रेलियात एका चाचणीत काही जणांना नुसती चीर देऊन शिवलं, आणि खरं ऑपरेशन झालेल्यांइतकेच तेही सुधारले. २०१८ मध्ये छापून आलंय. चाचणी छोटी होती. घरात मी हा विषय काढलेला नाही.

तर शंभरातल्या ८०-९० जणांचं वर्षभरात ऑपरेशनशिवाय भागतं. तुम्ही सहा महिने व्यायाम खरोखर केलात, की नुसता पट्टा बांधून फिरलात, ते आधी बघा. करंगळीला मुंग्या येत असतील तर ते दुखणं वेगळं, आधी तपासून घ्या.

आणि हाताला काम तेच असेल तर हत्यार बदला. मी बॅटरीवरची कात्री घेतली. आण्णा तिला आळश्याची कात्री म्हणतात. गेल्या ऑक्टोबरात ती माझ्या हाताला चारच दिवस लागली, बाकीचे दिवस त्यांच्या पोराकडं होती.