मॉड्यूल बदलताना डीएमए अडकतो: नेटवर्क घालण्याआधी सीमा तपासा

तुम्ही एफपीजीए (आतलं सर्किट हवं तसं बदलता येणारी चिप) चालू असतानाच त्याचा एक भाग बदलता, तिथे कधी फिल्टर तर कधी एफएफटी (सिग्नलमधल्या फ्रिक्वेन्सी काढणारं) मॉड्यूल बसवता. चार-सहा बदल नीट होतात आणि मग डीएमए (प्रोसेसरला न गुंतवता डेटा मेमरीत नेणारा ब्लॉक) गप्प होतो. म्हणून एएक्सआय-स्ट्रीम (दोन ब्लॉकमधली थेट डेटा-जोडणी) काढून नेटवर्क-ऑन-चिप (चिपच्या आतलं राउटरांचं जाळं) घालावं का, असं विचारलंय. माझं मत विचाराल तर इतक्यात नको. तुम्ही सांगितलेली लक्षणं मॉड्यूलच्या सीमेकडे, म्हणजे बदलता भाग उरलेल्या चिपला जिथे जोडतो तिकडे बोट दाखवतात, आणि ती सीमा नेटवर्क घातलं तरी राहणारच.

झायलिंक्सच्या ७-सिरीजच्या चिपमध्ये आयकॅप (चिपच्या आतूनच नवं सर्किट भरण्याचं दार) ३२ बिट रुंद आणि १०० मेगाहर्ट्झचा, म्हणजे सेकंदाला जास्तीत जास्त ४०० मेगाबाइट. २ मेगाबाइटची पार्शल बिटस्ट्रीम (फक्त त्या भागाच्या सर्किटची फाइल) उतरायला किमान ५ मिलिसेकंद लागतात. तुमचा क्लॉकही १०० मेगाहर्ट्झचा असेल तर तेवढ्यात ५ लाख ठोके पडतात, आणि त्या भागातून बाहेर येणाऱ्या तारांवर तेव्हा काय असेल याचा भरवसा नसतो.

मी यात तीन दिवस घालवले आहेत. शेवटी सीमेवरच्या तारा लॉजिक अ‍ॅनालायझरवर घेतल्या तेव्हा दिसलं: बदल सुरू होताच मॉड्यूलचा 'रेडी' ('डेटा घ्यायला तयार' अशी खूण) काही ठोके वर गेला. पाठवणाऱ्याला वाटलं डेटा पोचला. ते सॅम्पल कुठेच गेले नाहीत, अर्धवट पॅकेटचा 'टीलास्ट' (पॅकेट संपल्याची खूण) जुन्या मॉड्यूलबरोबर पुसला गेला, आणि डीएमए त्याचीच वाट बघत राहिला.

तेव्हा आधी पाठवणाऱ्याला थांबवा आणि चालू पॅकेट मॉड्यूलमधून पूर्ण बाहेर पडू द्या. मग डिकपलरने (सीमेवरच्या तारा तोडून धरणाऱ्या ब्लॉकने) 'व्हॅलिड' ('डेटा आहे' अशी खूण) आणि 'रेडी' दोन्ही शून्यावर धरा, बिटस्ट्रीम उतरवा, नव्या मॉड्यूलला रीसेट द्या, आणि रीसेट सुटल्यावरच सीमा उघडा. सेकंदाला १० लाख सॅम्पल येत असतील तर ५ मिलिसेकंदांत ५,००० साठतील. स्थिर, म्हणजे न बदलणाऱ्या भागातला फिफो (डेटा रांगेत साठवणारी मेमरी) त्याहून मोठा हवा. मेमरी-मॅप्ड एएक्सआय (पत्ता देऊन वाचणारी-लिहिणारी जोडणी) असेल तर अर्धवट राहिलेले व्यवहार संपवायला डीएफएक्स एएक्सआय शटडाउन मॅनेजर हा ब्लॉक तयारच आहे, तो वापरा.

सीमेवरच्या तारांची जागा तरी आता टूल सांभाळतं. व्हर्टेक्स-२ या जुन्या चिपच्या काळात ट्राय-स्टेट बफरचे बस मॅक्रो (सीमेवर ठरलेल्या जागी बसणारे तयार जोड) हाताने बसवावे लागत, कारण प्रत्येक मॉड्यूलला तार नेमक्या त्याच ठिकाणी भेटली पाहिजे.

नेटवर्क खरं कामाला येतं ते मॉड्यूल बरेच असतील आणि कोण कोणाशी बोलणार हे चालू असतानाच ठरत असेल तेव्हा. २००५ मध्ये बोबडा या संशोधकाने आणि सहकाऱ्यांनी मांडलेल्या डायनॉक या नेटवर्कची कल्पना मला आजही फार आवडते: मोठं मॉड्यूल काही राउटरांच्या जागेवर बसवायचं, तेवढे राउटर तात्पुरते नाहीसे होतात आणि पॅकेट मॉड्यूलला वळसा घालून जातात. मॉड्यूल निघालं की राउटर परत. पण हे राउटर एलयूटी (एफपीजीएमधले लॉजिकचे मूळ ठोकळे) खातात. व्हर्सल या नव्या चिपमध्ये नेटवर्क सिलिकॉनमध्येच आहे, तिथे हिशोब वेगळा. तुमच्या दोन मॉड्यूलना साधा स्ट्रीम स्विच पुरेल.

एवढं करूनही अडकलं तर सीमेवरच्या 'व्हॅलिड', 'रेडी', 'टीलास्ट' आणि रीसेटचा ट्रेस इथे टाका, बदल सुरू होण्याच्या थोडा आधीपासूनचा. बघून सांगतो.