फ्लॅग दिसतोय, एरर सापडत नाही: वाचकांचे प्रश्न

प्रश्न: एसटीएम३२एफ१०३ या मायक्रोकंट्रोलरवर यूआर्टचा (सिरियल पोर्टचा) कोड नीट चालतो, पण डीबगरच्या ब्रेकपॉइंटला थांबलं की ओव्हररनचा फ्लॅग (आधीचा बाइट उचलण्याआधी पुढचा आल्याची खूण) दिसतो आणि कधीकधी आपोआप गायब होतो. चिप डुप्लिकेट आलीय का?

उत्तर: डुप्लिकेट चिप्स बाजारात भरपूर आहेत, पण इथे चिपचा दोष वाटत नाही. ब्रेकपॉइंटला सीपीयू थांबतो, समोरून डेटा पाठवणारा सेन्सर थोडाच थांबतो, ९६०० बॉडला साधारण दर मिलिसेकंदाला एक बाइट येतच राहतो आणि आधीचा कोणी उचलला नाही की ओव्हररन लागणारच. गायब होण्याचं कारण मात्र मजेशीर आहे, या चिपमध्ये आधी एसआर (स्टेटस रजिस्टर) आणि मग डीआर (डेटा रजिस्टर) वाचला की फ्लॅग पुसला जातो, आणि डीबगरची रजिस्टर विंडो उघडी असेल तर ती हे दोन्ही वाचते, म्हणजे तुम्हाला वाटतं आपण नुसतं बघतोय पण फ्लॅग तुम्हीच पुसताय, वर आलेला बाइटही गेला. विंडो बंद ठेवा, एसआर व्हेरिएबलमध्ये घ्या आणि तेच बघा. हा कोड एसटीएम३२च्याच एफ० किंवा एल४ मालिकेवर नेलात तर तिथे आयसीआर या फ्लॅग पुसायच्या रजिस्टरमध्ये १ लिहून पुसावं लागतं, नाहीतर रिसीव्ह इंटरप्ट चालू असताना प्रोग्रॅम त्या इंटरप्टच्या हँडलरमध्येच गरगरत बसतो.

प्रश्न: अर्डुइनो उनो मधूनच रिसेट होतं. सेटअपमध्ये एमसीयूएसआर (रिसेट कशामुळे झाला ते सांगणारं रजिस्टर) प्रिंट केला तर कायम शून्य!

उत्तर: तुमच्या कोडच्या आधी बूटलोडर (बोर्डावर कोड चढवणारा छोटा प्रोग्रॅम) चालतो आणि तोच हे रजिस्टर साफ करून टाकतो. ऑप्टिबूट या उनोच्या बूटलोडरच्या नव्या आवृत्त्या जुनी किंमत आर२ या सीपीयूच्या रजिस्टरमध्ये ठेवतात, ती अगदी सुरुवातीला, इनिट० सेक्शनमध्येच (मेनच्याही आधी चालणाऱ्या भागात) उचलायची. ते झेपत नसेल तर आयएसपी प्रोग्रॅमरने थेट, बूटलोडरशिवाय कोड टाका. मग एमसीयूएसआरमध्ये बिट २ म्हणजे ब्राउनआउट (व्होल्टेज पडलं), बिट ३ म्हणजे वॉचडॉग (प्रोग्रॅम अडकला तर रिसेट करणारा टायमर). बोर्डावर रिले किंवा पंप असेल तर माझी पैज ब्राउनआउटवर.

प्रश्न: एसटीएम३२ च्या आरसीसी सीएसआरमध्ये (तिथलं रिसेटचं कारण सांगणारं रजिस्टर) दर वेळी पिन रिसेट दिसतो. बटण कोणी दाबत नाही हो!

उत्तर: आतून झालेला रिसेटही एनआरएसटी (रिसेट) पिन खाली ओढतो, म्हणून तो फ्लॅग लागतोच. वॉचडॉग, सॉफ्टवेअर, पॉवर हे आधी तपासा, पिन सगळ्यात शेवटी, आणि मग त्याच रजिस्टरच्या आरएमव्हीएफ बिटने सगळे पुसा, नाहीतर मागचे फ्लॅग साठत जातात.

प्रश्न: कॉर्टेक्स-एम४ प्रोसेसरवर हार्डफॉल्ट (प्रोग्रॅम थांबवणारी गंभीर चूक) येतो. सीएफएसआर (फॉल्टचं कारण सांगणारं रजिस्टर) हेक्समध्ये ४००, बीएफएआरमधला (फॉल्टचा पत्ता ठेवणारं रजिस्टर) पत्ता माझ्या कोडमध्ये कुठेच नाही आणि पीसी (प्रोग्रॅम काउंटर) भलत्याच साध्या ओळीवर.

उत्तर: ४०० म्हणजे बिट १०, इम्प्रिसाइज बस फॉल्ट, म्हणजे पत्त्यावर लिहिणं फसलं पण नेमकं कुठल्या ओळीत ते कळत नाही. लिहायचं ते राइट बफरमध्ये (लिखाण थोडा वेळ ठेवायच्या जागेत) पडलं, सीपीयू पुढे निघून गेला आणि बोंब नंतर झाली, त्यामुळे खरा गुन्हेगार त्या ओळीच्या थोडा आधी आहे. बिट १५ (पत्ता खरा असल्याची खूण) लागलेला नाही म्हणजे बीएफएआरमधला पत्ता कचरा, त्याच्या मागे लागू नका. डीबग करताना एसीटीएलआर या कंट्रोल रजिस्टरचा बिट १ सेट करा, राइट बफर बंद होतं, कोड थोडा हळू चालतो पण पुढच्या वेळी सीएफएसआरमध्ये बहुधा ८२०० दिसेल आणि तेव्हा पत्ता खरा असेल. बऱ्याचदा इनिशियलाइज न केलेला पॉइंटर निघतो, आणि कायनेटिससारख्या चिपवर क्लॉक न देता पेरिफेरलला (चिपमधल्या यूआर्टसारख्या भागाला) हात लावला तरी असाच फॉल्ट येतो. एक सांभाळा, सीएफएसआरमधला प्रत्येक बिट त्याच्यावरच १ लिहून पुसतात, तिथे सवयीने ऑर-इक्वल (|=) वापरलंत तर एक पुसायला जाल आणि सगळेच जातील.