घरी अखंड बडबड, शाळेत एक शब्द नाही

ताई, तुमची लेक साडेचार वर्षांची, घरी गाणी-गोष्टी-भांडणं सगळं जोरात, पण जूनपासून ज्युनिअर केजीत एक अक्षर बोललेली नाही. बाई म्हणतात हट्टी आहे, सासूबाई म्हणतात मोठी झाली की बोलेल. कुणाचं ऐकू, असं तुम्ही विचारलंय. माझ्या मते दोघींचंही नको. माझा मुलगा याच वाटेनं गेलाय. आता तो सातवीत आहे आणि वर्गात स्वतःहून शंका विचारतो, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

तुम्ही सहज लिहिलेली एक गोष्ट मला सगळ्यात महत्त्वाची वाटली. शाळेच्या फाटकापर्यंत ती तुमच्याशी बोलत येते आणि फाटक आलं की तुमच्याशीसुद्धा गप्प होते. हट्टी मूल आईच्या कानात तरी कुजबुजेल. हिचा आवाज त्या जागी निघतच नाही, कारण भीतीनं शरीर आखडतं. चेहरा कोरा, मान ताठ, डबा तसाच परत, शू लागली तरी सांगता येत नाही. तो कोरा चेहरा बघून मोठ्यांना उद्धटपणा वाटतो. याला सिलेक्टिव्ह म्युटिझम म्हणतात. निदान तज्ज्ञांनीच करायचं, पण वर्णन तंतोतंत जुळतंय.

बाईंवर रागावू नका. शंभरात एकापेक्षाही कमी मुलांमध्ये हे दिसतं, त्यामुळे कितीतरी शिक्षकांनी असं मूल पाहिलेलंच नसतं. १८७७ मध्ये आडोल्फ कुसमाऊल या जर्मन डॉक्टरांनी याचं वर्णन केलं, तेव्हा त्यांनाही हे गप्प राहणं जाणूनबुजून केलेलं वाटलं होतं. २०१३ साली आलेल्या डीएसएम-५ या अमेरिकन निदानपुस्तिकेत मात्र ते चिंताविकारांमध्ये धरलंय. घरात काहीतरी वाईट घडलं असेल, ही शंकाही बहुतेकदा निराधार असते. सगळीकडे नीट बोलणारं मूल एकाएकी घरीदारी सगळीकडेच बोलायचं थांबलं, तर ती वेगळी गोष्ट आणि तेव्हा ताबडतोब डॉक्टर गाठायचे.

आता ‘मोठी झाली की बोलेल’चं. कुणी काही विचारतं, मूल गोठतं, दोन सेकंदांत आपल्यालाच अवघडतं आणि आपण तिच्या वतीनं उत्तर देऊन टाकतो. सगळ्यांची सुटका होते, तिचीही. गप्प राहिलं की सुटका होते, हे ती दर वेळी नव्यानं शिकते. वर्षभरात वर्गातली मुलंच पाहुण्यांना सांगायला लागतात, ‘ती बोलत नाही’. मग बोलायचं मनात आलं तरी सगळे वळून बघतील याची धास्ती. म्हणून नुसती वाट बघू नका.

शाळा इंग्रजी मीडियमची आहे, तर भाषेचा प्रश्न असेल का? नवी भाषा कानावर पडायला लागली की बरीच मुलं काही महिने गप्प राहतात, ते नैसर्गिक आहे. शाळेचा पहिला महिनाही निदानात धरत नाहीत. पण तुमची लेक मराठी बोलणाऱ्या मावशींशी आणि शेजारच्या मैत्रिणीशीही शाळेत बोलत नाही. मराठी तर तिला येते. तेव्हा भाषा हे मूळ कारण वाटत नाही.

आधी कान तपासून घ्या, मग स्पीच थेरपिस्ट आणि बालमानसतज्ज्ञ. काही मुलांना उच्चारांची अडचण किंवा ऑटिझमही सोबत असतो, तेही बघितलं जातं. जाताना घरी ती मोकळेपणानं बोलतानाचा व्हिडिओ न्या, कारण तिथे ती बोलणार नाही. मुंबईत असाल तर वांद्र्याची अली यावर जंग संस्था श्रवण आणि वाचा यासाठीच आहे. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ वर चोवीस तास फुकट बोलता येतं, मराठीतही.

खरं काम मात्र शाळेत होतं, आणि ते तज्ज्ञांच्या सल्ल्यानं, बाईंना सोबत घेऊनच करायचं. पहिल्या दिवसापासून बाईंनी बोलण्याचा आग्रह पूर्ण थांबवायचा. शू आणि पाणी यासाठी चित्रांची कार्डं द्यायची, हजेरीला हात वर केला तरी चालेल. ओरलसाठी घरून रेकॉर्डिंग चालेल का, ते विचारा. शरीराची भीती उतरल्याशिवाय पुढचं काही होत नाही.

मग शाळा सुटल्यावर रिकाम्या वर्गात तुम्ही दोघी बसा. सापशिडी सगळ्यात उत्तम, कारण घरं मोजायला आकडेच लागतात आणि आकडे वाक्यांपेक्षा सोपे. ती तुमच्याशी आवाज काढून खेळायला लागली की बाईंनी लांब, तुमच्याकडे पाठ फिरवून वह्या तपासत बसायचं. काही दिवसांनी थोडं जवळ, मग पटाशेजारी, मग खेळात. शेवटी तुम्ही ‘पाणी घेऊन येते’ म्हणून बाहेर. मधे कुठेही ती गप्प झाली तर एक पायरी मागे या, रागावू नका. कितीतरी दिवस बाई दारापाशी आल्या की आमचा मुलगा बोलायचा थांबायचा. मग बाई परत खिडकीपाशी जाऊन बसायच्या. त्या बाईंचे उपकार मी विसरणार नाही.

प्रश्न कसा विचारायचा, यावर बरंच अवलंबून आहे. ‘तुला हवंय का?’ म्हटलं की मान हलवून भागतं. ‘लाल की निळा?’ म्हटलं की एक शब्द पुरतो. विचारून मनातल्या मनात पाच आकडे मोजा, मधे बोलू नका. उत्तर आलं तर ‘हा घे निळा’ म्हणून खेळ पुढे न्या. भर वर्गात टाळ्या वाजवून ‘अरे वा, बोलली!’ अजिबात नको. बऱ्याच मुलांचा आवाज त्यानंतर पुन्हा आठवडेच्या आठवडे गायब होतो. आणखी एक, एखादी मैत्रीण कायमची तिची दुभाषी होणार नाही हे बघा.

घरी पाहुण्यांसमोर ‘नाव सांग काकांना’, ‘गाणं म्हणून दाखव’ बंद. तिच्या देखत कुणी ‘मुकी आहे का हो?’ म्हटलं तर ठामपणे सांगा, ‘बोलते ती, अजून ओळख व्हायला वेळ लागतो.’ सासूबाईंना हे काम खुशाल द्या. ‘नात माझी आहे, ती बोलेल तेव्हा बोलेल’ असं आजीनं सांगितलं की नातेवाईक परत विचारत नाहीत.

औषधांचं तुम्ही भीत भीत विचारलंय. एवढ्या लहान वयात सुरुवात बहुधा अशा पायऱ्यांनीच करतात. मूल मोठं असेल किंवा प्रयत्न करूनही गाडी हलत नसेल, तेव्हा बालमानसोपचारतज्ज्ञ चिंतेवरची गोळी सुचवतात. तशी वेळ आली तर घाबरू नका, त्या गोळीनं पायऱ्या चढणं सोपं होतं.

आणि एप्रिलच्या आत शाळेला एक विनंती करा: सीनियर केजीच्या बाई कोण असणार ते आधीच कळवा. मेच्या सुट्टीत त्यांच्याबरोबर नव्या वर्गात सापशिडी सुरू करता आली, तर जूनमध्ये पहिल्यापासून सुरुवात करावी लागत नाही.