वाचकांचे प्रश्न : संधी सोडवणारा फ्रेंच गणिती

प्रश्न : मी निवृत्त संस्कृत शिक्षक आहे. संस्कृत वाक्याचा पदच्छेद करून देणारी एक प्रणाली नातवाने मला संगणकावर दाखवली आणि ती एका फ्रेंच गणितज्ञाने तयार केल्याचे सांगितले. हे गृहस्थ मुळात संस्कृतज्ञ आहेत की गणिती? त्यांचे आधीचे काम काय होते? (सातारा जिल्ह्यातील एक वाचक)

उत्तर : आपण पाहिलेली प्रणाली जेरार युए यांची आहे. ते मुळात गणिती आणि संगणकशास्त्रज्ञ असून संस्कृतकडे वळले तेव्हा त्यांची कारकीर्द ऐन भरात होती. निवृत्तीनंतरचा विरंगुळा म्हणून त्यांनी हे काम हाती घेतले, असा समज होण्याचा संभव आहे. परंतु त्यांचे आधीचे संशोधन पाहिले, तर पदच्छेद हा त्याच वाटेवरचा पुढचा मुक्काम होता, असे मला वाटते.

युए यांचा जन्म ७ जुलै १९४७ रोजी मध्य फ्रान्समधील बूर्ज येथे झाला. अमेरिकेतील केस वेस्टर्न रिझर्व्ह विद्यापीठातून त्यांनी १९७२ मध्ये डॉक्टरेट घेतली आणि पुढील बहुतेक आयुष्य फ्रान्सच्या राष्ट्रीय संगणक संशोधन संस्थेत, म्हणजे ‘इनरिया’मध्ये, व्यतीत केले. त्यांचा पहिला मोठा विषय ‘एकीकरण’ हा होता. अज्ञात जागा असलेल्या दोन राशी एकरूप व्हाव्यात, यासाठी त्या जागी काय घालावे, हा त्यातील प्रश्न. अज्ञात जागी साध्या वस्तूच यायच्या असतील तर उत्तर काढण्याची खात्रीची रीत १९६५ पासून उपलब्ध होती. मात्र अज्ञात हे स्वतःच फलन असेल, तर गाडे अडते. समजा, ‘फ’ या फलनाला ‘अ’ दिले असता ‘अ’ मिळते, एवढेच आपल्याला ठाऊक आहे. मग दिलेली वस्तू जशीच्या तशी परत करणारे फलन हे एक उत्तर झाले आणि काहीही दिले तरी ‘अ’च परत करणारे फलन हे दुसरे. दोन्ही उत्तरे बरोबर आहेत आणि एकातून दुसरे निघत नाही. अशा प्रश्नांना उत्तर आहे की नाही, हे दर वेळी ठरवून देणारी यांत्रिक रीत तिसऱ्या कोटीच्या तर्कात, म्हणजे फलनांवर चालणारी फलनेही जेथे अज्ञात असू शकतात तेथे, असूच शकत नाही, हे युए यांनी १९७३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या निबंधात सिद्ध केले. तरीही हात न टेकता, उत्तर असल्यास ते हमखास शोधणारी, पण उत्तर नसल्यास कदाचित कधीच न थांबणारी रीत त्यांनी १९७५ मध्ये मांडली. सिद्धता शोधणाऱ्या अनेक प्रणालींमध्ये ती पुढे वापरात आली.

१९८०च्या दशकात त्यांनी आपले विद्यार्थी तिएरी कोकां यांच्यासह ‘रचनांचे कलन’ हा सिद्धान्त उभा केला. विधान म्हणजे एक ‘प्रकार’ (प्रोग्राममधील वस्तूंचा ठरावीक वर्ग) आणि त्याची सिद्धता म्हणजे त्या प्रकारात बसणारा प्रोग्राम, अशी त्यामागची कल्पना असल्यामुळे सिद्धता तपासणे हे प्रोग्रामचे प्रकार तपासण्याइतके यांत्रिक काम होते. यातून जन्मलेल्या ‘कॉक’ या सिद्धता तपासणाऱ्या प्रणालीत जॉर्ज गोंतिए यांनी नकाशाच्या चार रंगांच्या प्रमेयाची (शेजारचे प्रदेश वेगळ्या रंगात यावेत यासाठी कोणत्याही नकाशाला चार रंग पुरतात) संपूर्ण सिद्धता २००५ च्या सुमारास पडताळून दाखवली. १९७६ साली संगणकाच्या साहाय्याने दिलेल्या मूळ सिद्धतेवर गणितज्ञ बरीच वर्षे नाके मुरडत होते. २०१३ चा ‘एसीएम’ या संगणकशास्त्रज्ञांच्या संस्थेचा प्रणाली-पुरस्कार ‘कॉक’च्या कर्त्यांना मिळाला, त्यांत युए होते. फ्रेंच विज्ञान अकादमीवर त्यांची निवड त्याआधीच, २००२ मध्ये, झाली होती.

प्रश्न : पण संधी सोडवण्यात गणित ते कोणते? नियम तर शाळेतील मुलांनाही पाठ असतात. (पुणे येथील एक विद्यार्थिनी)

उत्तर : नियम पाठ असतात ते संधी करण्याचे. ‘महा’ आणि ‘उत्सव’ जोडून ‘महोत्सव’ होतो, यात शंकेला जागा नाही. उलट दिशेने मात्र ‘ओ’ समोर आला की तो अ आणि उ, अ आणि ऊ, आ आणि उ किंवा आ आणि ऊ यांपैकी कोणत्याही जोडीतून आलेला असू शकतो. किंवा विसर्गातून आलेला, नाहीतर मुळात ‘ओ’च असू शकतो. व्याकरणपरंपरेत ‘श्वेतो धावति’ हे जुने उदाहरण आहे. ‘श्वेतः धावति’ असे तोडले तर पांढरा कोणी धावतो आणि ‘श्वा इतः धावति’ असे तोडले तर कुत्रा इथून धावतो. ‘फ’च्या कोड्यासारखीच येथेही दोन उत्तरे आली, आणि दोन्ही बरोबर.

युए यांनी आधी कोशातील शब्दांपासून सर्व विभक्तिरूपे आणि क्रियारूपे यंत्राकडून तयार करून घेतली, ती एका जाळ्यात गुंफली आणि प्रत्येक रूपाच्या टोकाशी कोणते संधी संभवतात याच्या खुणा त्या जाळ्यातच रोवल्या. वाक्य वाचत आणि संधी उलट सोडवत यंत्र या जाळ्यातून चालते. संधिनियमांवरील एका अटीखाली कोणत्याही वाक्याचे संभाव्य पदच्छेद मर्यादित असतात आणि आपली रीत त्यांतील एकही गाळत नाही, हे त्यांनी प्रमेयाच्या स्वरूपात सिद्ध केले. एकीकरणात न मिळालेली थांबण्याची हमी येथे मिळाली, हे मला विशेष वाटते.

अर्थात, कोशात नसलेला शब्द यंत्राला ओळखता येत नाही, आणि लांब वाक्याचे पर्याय एवढे होतात की ते एकाखाली एक लिहून दाखवणे निरर्थक ठरते. म्हणून पवन गोयल यांच्यासह त्यांनी असा पडदा रचला की त्यावर सर्व पर्याय एकत्र मांडले जातात आणि वाचक एकेक पद स्वीकारत किंवा नाकारत आपल्या अर्थापर्यंत पोहोचतो. निवाडा वाचकाकडेच ठेवण्याचा हा निर्णय मला या प्रणालीतील सर्वांत शहाणा निर्णय वाटतो.

प्रश्न : भारतातील अभ्यासकांशी त्यांचा संबंध आहे का? आणि ‘कॉक’ हे नाव कसे पडले? (ठाणे येथील एक वाचक)

उत्तर : संबंध निकटचा आहे. हैदराबाद विद्यापीठातील अंबा कुलकर्णी यांच्याबरोबर त्यांनी दीर्घकाळ काम केले असून, संगणकीय संस्कृत भाषाविज्ञानाच्या तिसऱ्या आंतरराष्ट्रीय परिसंवादाचा २००९ मधील ग्रंथ दोघांनी मिळून संपादित केला. या मालिकेतील पाचवा परिसंवाद जानेवारी २०१३ मध्ये मुंबईच्या आयआयटीत, म्हणजे आपल्या शेजारी पवईला, भरला होता.

‘कॉक’ म्हणजे फ्रेंचमध्ये कोंबडा. त्यात ‘रचनांचे कलन’ या नावाची इंग्रजी आद्याक्षरे आणि कोकां यांच्या आडनावाचा आरंभ असे दोन्ही दडलेले आहे. इंग्रजी भाषकांच्या कानाला मात्र तो उच्चार अश्लील वाटत असल्याने हे नाव बदलण्यात आले आणि २०२५ पासून ही प्रणाली ‘रॉक’ नावाने प्रसिद्ध होते. हे नवे नाव इनरियाच्या रोकांकूर या गावावरून घेतले आहे. संस्कृत परिसंवादांच्या मालिकेतील पहिला परिसंवादही २००७ मध्ये तेथेच झाला होता.