आधी आठवीचं पुस्तक काढ

प्रिय पोरी,

तुझा मेसेज वाचला. मी दिलेल्या पाच गणितांचे फोटोही मोठे करून करून बघितले. एम-वनची, म्हणजे इंजिनिअरिंगच्या पहिल्या सेमिस्टरच्या गणिताची, केटी लागली, विषय राहिला, म्हणून मी तुझी समजूत काढत बसणार नाही. पहिल्या वर्षाला एम-वन राहिलेल्या मुलांनी ट्रान्स-हार्बर लोकलचा एखादा डबा सहज भरेल, आणि हे तुलाही ठाऊक आहे. तुझा प्रश्न वेगळा आहे: पुढच्या सेमिस्टरच्या गणिताचा, एम-टूचा, क्लास आत्ताच लावू, की केटी आधी काढू, की बाबा म्हणतात तशी लाइनच बदलू? सांगते. आधी पहिलं गणित बघ.

१/एक्सचं डेरिव्हेटिव्ह, म्हणजे बदलाचा दर, व्याख्येवरून काढायचं होतं; त्यात एच म्हणजे एक्समधला छोटासा बदल. व्याख्या तू बिनचूक लिहिली आहेस. दुसऱ्या ओळीत मात्र १/(एक्स + एच) चे सरळ १/एक्स + १/एच असे दोन तुकडे केलेस. मग १/एक्स उडाला, १/एच उरला, त्याला पुन्हा एचने भागलंस आणि खाली इन्फिनिटी लिहून दोन रेघा मारल्यास. आता एक्सच्या जागी २ घाल, एचच्या जागी ३. डावीकडे १/५ येतात. उजवीकडे १/२ + १/३, म्हणजे ५/६. हा ताळा बघायला अर्धं मिनिटसुद्धा लागत नाही. तू बघितला नाहीस, कारण इंजिनिअरिंगच्या मुलीने आकडे घालून बघायचं म्हणजे तुला कमीपणा वाटतो. छेद सारखे करून वजाबाकी केली असतीस तर वर −एच आला असता, खाली एक्स(एक्स + एच). एचला एच गेला, उरलेला एच शून्याकडे नेला की −१/एक्स वर्ग. यातलं कॅल्क्युलस फार तर एका ओळीचं. बाकी सगळी छेदांची वजाबाकी.

म्हणून सांगते, आठवीचं पुस्तक काढ. नववीचं आणि दहावीचंही. घरी नसतील तर बालभारतीच्या संकेतस्थळावर पीडीएफ फुकट मिळतात.

कागदाच्या कडेला तू बारीक अक्षरात लिहिलं आहेस, ‘एच शून्य आहे की नाही? नक्की काय?’ ते वाचून मला फार बरं वाटलं. एचने भागतो तेव्हा तो शून्य नाही म्हणायचं आणि पुढच्याच ओळीत शून्य म्हणून सोडून द्यायचा, ही लबाडी आहे असं बर्कली नावाच्या बिशपने १७३४ मध्ये न्यूटनच्या बाजूच्या लोकांना सुनावलं होतं. एचला असं शून्याकडे नेणं म्हणजे लिमिट. फ्रेंच गणिती कोशीने १८२१ मध्ये त्याला धड पाया दिला, जर्मन गणिती वायरश्ट्रासने पुढे तो आणखी पक्का केला. कोशीपर्यंतच ८७ वर्षं गेली. त्या शंकेत तू चार महिने अडकलीस तर त्यात लाजायचं काही नाही. पण १/(एक्स + एच) चे दोन तुकडे करण्यात कुणाचीही ८७ वर्षं गेलेली नाहीत. तिथे तुझी अडचण कॅल्क्युलसची नाहीच, आणि ‘गणित माझ्या डोक्यातच नाही’ हे तर साफ खोटं. ज्या डोक्यात बर्कलीची शंका आपणहून येते त्याला नावं ठेवू नकोस.

मग बारावीत मार्क कसे पडले, असं विचारशील. इंजिनिअरिंगच्या प्रवेशासाठी दिलेल्या सीईटीचा गणिताचा पेपर आठव. ९० मिनिटांत ५० प्रश्न, निगेटिव्ह मार्किंग नाही. क्लासने तुला शिकवलं की पर्याय उलटे घालून बघ, जुळला की पुढे चल. त्या पेपरापुरतं ते बरोबरच होतं, मी नाक मुरडत नाही. पण दोन वर्षं हाताला पायऱ्या गाळायची सवय लागली आणि पहिल्या सेमिस्टरला समोर कोरी उत्तरपत्रिका आली. तिथे पर्याय नव्हते.

हे मी नव्याने सांगत नाही. इथल्याच एका कॉलेजात मी एम-वन शिकवायचे तेव्हा जुलैचे पहिले दोन आठवडे अपूर्णांक, अवयव, करणी आणि घातांक यांच्यावर घालवायचे. वरिष्ठांनी बोलावून सांगितलं, ‘मॅडम, पोर्शन मागे पडतोय, आणि मुलांना हे अपमानास्पद वाटतं.’ अपमान! चिन्ह चुकलं तर अपमान नाही, चिन्ह शिकवलं की अपमान. मी ऐकलं नाही, त्यांनीही ऐकलं नाही, मी सोडलं. मग ठाण्याच्या नौपाड्यात घरीच बॅच सुरू केली. तिथे पालक यायचे आणि म्हणायचे, ‘महिना झाला, अजून बेरीज-वजाबाकीच चाललीये?’ समोर मोठा क्लास उघडला, टॉपर्सच्या फोटोंचं होर्डिंग लागलं, माझी अर्धी बॅच गणपतीच्या आधीच तिकडे गेली. गेलेल्यांत एक मुलगा होता, हुशार, फक्त कंस सोडवताना उणे चिन्ह विसरायचा. मला अजून दोन आठवडे हवे होते त्याच्यासाठी. मिळाले नाहीत, त्याची रुखरुख आहे. पण पद्धत? ती मी आजही बदलणार नाही. हट्टी म्हण. जे टिकले त्यांना पुढे माझी गरज लागली नाही, आणि शिकवणीचा धंदा म्हणून हे किती वाईट आहे ते मला घरात रोज ऐकावं लागलं.

असो. माझं पुराण पुरे.

आता तुझे प्रश्न. एम-टूचा क्लास नको. एम-टूत डिफरन्शिअल इक्वेशन्स आणि इंटिग्रेशन असणार, आणि तुझा हात अजून छेदांपाशी अडखळतो आहे. हे म्हणजे कळव्याला उतरायचं असताना तिथे न थांबणारी फास्ट लोकल पकडणं. लेक्चरला बस, नोट्स घे, वेगळा क्लास नको. केटीचा फॉर्म भर. आणि लाइन बदलायची की नाही ते दिवाळीनंतर ठरव. बाबांना सांग मी सांगितलंय, हवं तर मी फोन करते. कॉमर्सला जायचं असेल तर खुशाल जा, पण अपूर्णांकांना घाबरून जाऊ नकोस. ते तिथेही आहेत.

तुझ्या पाचव्या गणितावरून बघ मी काय म्हणते ते. १/(एक्स वर्ग + ६एक्स + १३) चं इंटिग्रेशन. तू कोरं सोडलंस आणि लिहिलंस ‘फॉर्म्युला आठवत नाही’. फॉर्म्युल्याची पाळी शेवटी येते गं! दहावीला वर्गसमीकरणात पूर्ण वर्ग पद्धत होती, ती इथे लाव: ६ चे अर्धे ३, त्याचा वर्ग ९, तेरातून नऊ गेले उरले ४. छेद झाला (एक्स + ३) चा वर्ग + २ चा वर्ग. आता टॅन इन्व्हर्सचा फॉर्म्युला समोर दिसतो, उत्तर अर्धा गुणिले टॅन इन्व्हर्स (एक्स + ३)/२, अधिक सी. दहावीत हीच रीत तू झोपेत केली असतीस.

तर उद्यापासून आठवीचं पुस्तक. अवयव आणि बैजिक राशींचे अपूर्णांक. मग नववीतलं करणींचं परिमेयीकरण, म्हणजे छेदातलं वर्गमूळ घालवणं, मग दहावीची वर्गसमीकरणं. गाडीत नको, टेबलाशी बसून. एका ओळीत एकच बदल, आणि तो का केला ते उजवीकडे दोन शब्दांत. अडलीस की आकडे घाल. कंटाळा येईल, येऊ दे. सोपं वाटलं म्हणून पानं उलटलीस तर मला लगेच कळेल, तुझ्या दुसऱ्या ओळी मला पाठ झाल्या आहेत.

आणि हे एक करून पाठव: एक्सच्या वर्गमुळाचं डेरिव्हेटिव्ह, व्याख्येवरून. नववीतलं परिमेयीकरण या वेळी अंशाला लावावं लागेल, एवढंच सांगते. शेवटचं उत्तर नाही आलं तरी चालेल, पण मधली एकही ओळ गाळलेली मला दिसता कामा नये.

तुझी,
मॅडम