कोरोनातले दोन हजार आणि तहसीलची नोटीस

प्रश्न : वकीलसाहेब, बार्शी तालुक्यात माझी तीन एकर जमीन आहे, जोडीला मालवाहू टेम्पो. बँकेने कर्जासाठी मागितले म्हणून दोन वर्षे आयकर रिटर्न भरले. आता तहसीलची नोटीस आली आहे : तुम्ही आयकरदाते आहात, एप्रिल २०२० पासूनचे पीएम-किसानचे सात हप्ते, म्हणजे १४,००० रुपये परत करा, नाहीतर सातबाऱ्यावर बोजा चढवू. कोरोनात दिलेली मदत सरकार परत मागू शकते का? बायकोच्या जनधन खात्यात आलेले दीड हजारही जातील का?

उत्तर : आधी वहिनींची काळजी मिटवू. एप्रिल ते जून २०२० मध्ये महिलांच्या जनधन खात्यांत महिना ५०० रुपये आले, ती योजना वेगळी. तुमच्या नोटिशीचा तिच्याशी संबंध नाही.

तुमच्या दोन हजारांचं मात्र तसं नाही. मार्च २०२० मध्ये ‘गरीब कल्याण’ पॅकेज जाहीर झालं, त्यात पीएम-किसानचा एप्रिलचा हप्ता पहिल्याच आठवड्यात देऊन टाकला, एवढंच. गावात त्याला ‘कोरोनाचे पैसे’ म्हणाले, पण तो वर्षाच्या ६,००० मधलाच हप्ता होता. म्हणून योजनेच्या अटी त्यालाही लागू. अपात्र माणसाकडून तो परत मागता येतो.

पण तुम्ही अपात्र होतात का? खरी लढाई इथे आहे. अपात्रतेच्या नियमात ‘मागील कर निर्धारण वर्षात आयकर भरलेली व्यक्ती’ असं आहे. (कर निर्धारण वर्ष म्हणजे ज्या वर्षी आधीच्या वर्षाच्या उत्पन्नावरचा कर ठरतो ते.) रिटर्न भरणं आणि कर भरणं या दोन गोष्टी वेगळ्या. बँकेसाठी रिटर्न भरणारे बरेच शेतकरी शून्य कराचे असतात, आणि यादी काढणाऱ्याला हा फरक दिसेलच असं नाही.

तुमचे कागद पाहिले. कर निर्धारण वर्ष २०२०-२१ च्या रिटर्नमध्ये करपात्र उत्पन्न ४,१०,००० आहे. आयकर कायद्याच्या कलम ८७अ ची सूट (तेव्हा ती पाच लाखांपर्यंतच्या उत्पन्नाला होती) मिळून कर शून्य झाला. शिवाय ते रिटर्न भरलं डिसेंबर २०२० मध्ये. एप्रिलचा हप्ता तेव्हा कधीच खर्च झाला होता! पुढच्या, २०२१-२२ च्या रिटर्नमध्ये उत्पन्न ५,२०,००० झालं, पाच लाखांची रेषा ओलांडली, सूट गेली आणि १७,१६० रुपये कर भरावा लागला. वीस हजारांपायी.

म्हणून एप्रिल २०२० ते मार्च २०२१ चे तीन हप्ते, ६,००० रुपये, सोडू नका. त्याआधी कधी कर भरला नसल्याचं तुम्ही लिहिलंय, तेवढं पुरे. एप्रिल २०२२ चा हप्ता मात्र गेला, तो भांडून मिळणार नाही. मधले, म्हणजे एप्रिल २०२१ ते मार्च २०२२ चे तीन हप्ते वादाचे आहेत. ‘मागील’ या शब्दाचा सरळ अर्थ तुमच्या बाजूने आहे, कारण मागील वर्षी, २०२०-२१ मध्ये, कर शून्य होता; पण कार्यालय त्याच वर्षाचा, २०२१-२२ चा, कर धरेल. मी उत्तरात तो मुद्दा घेईन. तेवढ्यासाठी कोर्टाची पायरी मात्र चढणार नाही. सहा हजारांसाठी माझी फीसुद्धा जास्त होईल.

नोटिशीला लेखी उत्तर द्या. कोणत्या वर्षाच्या कराच्या आधारे कोणता हप्ता मागता, हे हप्तावार विचारा. दोन्ही रिटर्नच्या पोचपावत्या, उत्पन्नाचं कॉम्प्युटेशन (कराचा हिशेब) आणि फॉर्म २६ एएस (तुमच्या नावावर जमा झालेल्या कराचा उतारा) जोडा. आवक विभागात अर्ज देऊन दुसऱ्या प्रतीवर शिक्का, तारीख आणि सही घ्या. तोंडी ‘बघतो’ म्हणाले तर ते ऐकून घरी येऊ नका. उत्तर न पाहताच वसुलीचा आदेश काढला, तर महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम २४७ खाली प्रांताधिकाऱ्यांकडे ६० दिवसांत अपील करा, सोबत स्थगितीचा अर्जही द्या.

जे परत करायचं ते पोर्टलवरून किंवा तहसीलने दिलेल्या सरकारी खात्यात भरा आणि पावती जपून ठेवा. तीन हजारांत ‘नोटीस मिटवतो’ म्हणणारा गावातला जो एजंट तुम्ही सांगितलात, त्याला चहा पाजा आणि वाटेला लावा.