वाचकांचे प्रश्न : मिरचीच्या कोवळ्या रोपांची पाने का मुरडतात?

प्रश्न : मी कोल्हापुरात राजारामपुरीत राहते. पावसाळ्यात आमच्या गच्चीवर कोवळी रोपे टिकत नाहीत, म्हणून यंदा लवंगी आणि संकेश्वरी मिरचीचे बी बंद गॅलरीत, एलईडी दिव्यांखाली कोकोपीटमध्ये (नारळाच्या काथ्याच्या भुशात) रुजवले. रोपे सहा-सात पानांची झाली आणि पाने मुरडू लागली. काहींच्या कडा वर आल्या आहेत, तर काही पाने खाली वळली आहेत. शेती करणारे माझे मामा म्हणतात, हा बोकड्या (पाने आकसण्याचा रोग) आहे, रोपे उपटून टाक. कृषी सेवा केंद्रातून दोन औषधे आणून ठेवली आहेत, पण घरात लहान मूल असल्याने फवारायला धजावले नाही. काय करावे?
– एक वाचक भगिनी, राजारामपुरी

उत्तर : आपण औषध फवारले नाही, हे अतिशय योग्य केले. मुरडलेले पान पाहून लगेच फवारणी करणे ही मिरचीच्या बाबतीत सर्वाधिक नुकसान करणारी सवय आहे, कारण पान मुरडण्याची कारणे निदान सात-आठ आहेत आणि त्यांतील निम्म्यांचा किडीशी काहीही संबंध नसतो. मामांचा अनुभव शेतातला आहे आणि तिथे त्यांची शंका बहुधा खरी ठरते. परंतु बंद गॅलरीत बियांपासून वाढवलेल्या रोपांवर पहिला संशय पाण्यावर आणि दिव्यावर घ्यावा, किडीवर नंतर.

प्रथम हे पाहावे की मुरड जुन्या, खालच्या पानांवर आहे की शेंड्याच्या नव्या पानांवर. खालची पाने जाडसर, ताठ होऊन खाली वळली असतील आणि रोप एकंदर मलूल दिसत असेल, तर मुळांना हवा मिळत नाही असे समजावे. जुलै-ऑगस्टमध्ये कोल्हापुरातील हवा इतकी दमट असते की बंद गॅलरीतले कोकोपीट चार-चार दिवस वाळत नाही. वरचा थर कोरडा दिसतो म्हणून आपण पुन्हा पाणी घालतो आणि तळाशी मात्र चिखल असतो. म्हणून बोटाने माती चाचपण्यापेक्षा पेला उचलून त्याचे वजन हाताला सवयीचे करून घ्यावे आणि तो स्पष्टपणे हलका लागल्याशिवाय पाणी देऊ नये. शंका असेल तर एक रोप गड्ड्यासह अलगद बाहेर काढावे. मुळे पांढरी असतील तर काळजी नाही; ती तपकिरी, बुळबुळीत असतील आणि कुबट वास येत असेल तर पाणी तातडीने कमी करून पेल्याच्या तळाची छिद्रे मोकळी करावीत. अशाच दमट दिवसांत पानांच्या खालच्या बाजूस बारीक, खरखरीत फोड येतात, ज्यांना अनेकजण किडीची अंडी समजतात. ते नखाने खरवडून निघत नाहीत, कारण जादा पाण्याने पानाच्या पेशीच फुगून तसे झालेले असते.

वरच्या, दिव्याला सर्वांत जवळ असलेल्या पानांच्याच कडा वर आल्या असतील आणि दिव्यापासून दूर, कडेला असलेली रोपे ठीक असतील, तर प्रकाश किंवा उष्णता अधिक होत आहे. दिवा वीतभर वर घ्यावा आणि चार-पाच दिवस नवी पाने पाहावीत. मिरचीच्या रोपाला दिवसाचे 14 ते 16 तास प्रकाश पुरतो. रात्रंदिवस दिवा चालू ठेवण्याने रोप लवकर वाढेल, हा समज सोडून द्यावा. हवा खेळती राहण्यासाठी पंखा जरूर लावावा, मात्र त्याचा झोत थेट रोपांवर येऊ देऊ नये, कारण सततच्या वाऱ्यानेही पानांच्या कडा वळतात.

आपण खत कोणते देता ते लिहिलेले नाही. पाने गडद हिरवी, चकचकीत आणि टोकाशी खाली वाकलेली असतील तर नत्र जास्त झाले आहे. टोके तपकिरी होऊन करपत असतील तर क्षार साठले आहेत, आणि हे कोकोपीटच्या विटेत पुष्कळदा आढळते, कारण न धुतलेल्या कोकोपीटमध्ये मूळचेच सोडियम आणि पोटॅशियमचे क्षार असतात. वीट भिजवून तिचे पाणी रंगहीन येईपर्यंत धुणे हे कंटाळवाणे काम आहे, पण त्यावाचून कोवळ्या मुळांचे भले होत नाही. एकोणीस-एकोणीस-एकोणीस हे (नत्र, स्फुरद, पालाश समप्रमाणात असलेले) विद्राव्य खत देत असाल तर या वयाच्या रोपांना लिटरभर पाण्यात अर्धा ग्रॅम, तेही आठवड्यातून एकदाच, पुरेसे आहे.

हे सर्व तपासूनही शेंड्याची नवी पाने वेडीवाकडी येत असतील, तर मात्र मामांच्या शंकेकडे वळावे. आपल्याकडे बोकड्या किंवा चुरडा-मुरडा म्हणून जे सांगितले जाते, त्यामागे फुलकिडे, कोळी (जाळे विणणारा नव्हे, तर पानांतील रस शोषणारा अतिसूक्ष्म जीव) किंवा विषाणू यांपैकी कोणीही असू शकते आणि तिघांचे उपाय वेगवेगळे आहेत. शेंडा पांढऱ्या कागदावर धरून बोटाने टिचकी मारावी. पिवळसर, जेमतेम मिलिमीटरभर लांबीचे, तुरुतुरु पळणारे किडे कागदावर पडले तर ते फुलकिडे होत. दहा पटींचे भिंग घेऊन पानाची मागची बाजू पाहिल्यास शिरांलगत खरवडल्यासारखे रुपेरी चट्टे आणि त्यांवर विष्ठेचे काळे ठिपके दिसतात. फुलकिड्यांमुळे पानाच्या दोन्ही कडा वर येऊन ते होडीसारखे होते. कोळ्यांमुळे याच्या उलट घडते, म्हणजे कडा खाली वळतात, पान अरुंद होते, देठ लांबतो आणि पानाची मागची बाजू तांबूस, तेलकट दिसू लागते. हा कोळी सुमारे 0.2 मिलिमीटरचा असल्याने डोळ्यांना दिसत नाही आणि साध्या भिंगातूनही चुकतो. म्हणून तो दिसला नाही एवढ्यावरून तो नाही असे ठरवू नये, तर पानाच्या या खुणांवर विश्वास ठेवावा.

विषाणूचा प्रसार पांढरी माशी करते. पाने आखूड, खडबडीत होतात, शिरा जाड होतात आणि शेंड्याशी पानांचा गुच्छ होऊन वाढ थांबते. त्यावर औषध नाही. असे रोप पिशवीत घालून बाहेर टाकावे. मात्र गॅलरीत पांढरी माशी नसेल आणि बाहेरून आणलेले रोप शेजारी ठेवलेले नसेल, तर ही शक्यता फार कमी आहे, तेव्हा केवळ ऐकीव गोष्टीवरून रोपे उपटू नयेत.

फुलकिड्यांसाठी निळे आणि पांढऱ्या माशीसाठी पिवळे चिकट सापळे रोपांच्या उंचीवर टांगावेत. घरात फवारण्यास 5 टक्के निंबोळी अर्क उत्तम. 50 ग्रॅम निंबोळी पूड लिटरभर पाण्यात रात्रभर भिजवावी, सकाळी दुहेरी फडक्यातून गाळावी, चिमूटभर साबणचुरा मिसळावा आणि दिवे बंद केल्यावर पानांच्या मागच्या बाजूस फवारावे. आठवड्याने पुन्हा फवारणी करावी. कोळ्यांसाठी पाण्यात मिसळणारे गंधक लिटरला 2 ग्रॅम या प्रमाणात प्रभावी ठरते, पण ते उघडीप पाहून गच्चीवरच फवारावे आणि कडुलिंबाच्या तेलाची फवारणी झाली असेल तर मध्ये किमान दोन आठवडे जाऊ द्यावेत, नाहीतर पाने करपतात.

आणून ठेवलेल्या औषधांच्या वेष्टनावरील त्रिकोणाचा रंग पाहावा. तो लाल किंवा पिवळा असेल तर लहान मूल असलेल्या घरात ते उघडूच नये, असे मी आग्रहाने सांगेन. शिवाय कोळी हा कीटक नाही, त्याला आठ पाय असतात, त्यामुळे बहुतेक साध्या कीटकनाशकांनी तो मरत नाही. उलट त्याला खाणारे मित्रजीव मेल्याने तो अधिकच फोफावतो.

प्रश्न : आम्ही कागलजवळ राहतो. पडवीतील टोमॅटोच्या रोपांची पाने अचानक अरुंद, लांबट झाली आणि खोडही पिळवटले. कीड कुठेच दिसत नाही. शेतातला पंप धुऊन त्यातून निंबोळी अर्क फवारला होता.
– एक वाचक, कागल

उत्तर : तोच पंप उसातील तणनाशकासाठी वापरला जात असणार. उसात रुंद पानांच्या तणांसाठी टू-फोर-डी सर्रास फवारतात. ऊस गवतवर्गीय असल्याने तो तगतो, पण टोमॅटो, मिरची, कापूस आणि द्राक्ष या पिकांना त्याचा अंशही सोसत नाही, आणि आपण वर्णन केलेली लक्षणे नेमकी त्याचीच आहेत. पंपाच्या नळीत आणि वॉशरमध्ये राहिलेले औषध नुसत्या पाण्याने निघत नाही. तणनाशकाचा पंप कायमचा वेगळा ठेवणे हाच खात्रीचा मार्ग आहे. शेजारच्या फडात फवारणी झाली तरी त्याची वाफ वाऱ्यावर पडवीपर्यंत पोहोचू शकते, म्हणून त्या दिवशी रोपे आत घ्यावीत. आता खत किंवा टॉनिक देऊन रोपांवर ताण आणू नये, फक्त बेताचे पाणी द्यावे. दोन-तीन आठवड्यांत शेंड्यातून सरळ पाने आली तर रोप वाचले. शेंडाच मेला असेल तर नव्याने बी टाकावे.

प्रश्न : मुरडलेली पाने खुडून टाकावीत का?
– एक वाचक, गडहिंग्लज

उत्तर : शक्यतो नाही. एकदा मुरडलेले पान कारण दूर झाल्यावरही सरळ होत नाही, पण हिरवे असेपर्यंत ते रोपासाठी अन्न तयार करीत राहते आणि सात पानांच्या रोपातून तीन पाने खुडली तर रोप मागे पडते. कोळ्यांनी ग्रासलेला शेंडा तेवढा काढून पिशवीत बंद करून टाकावा. उपाय लागू पडला की नाही, हे जुन्या पानांवरून न ठरवता त्यानंतर फुटलेल्या पहिल्या दोन पानांवरून ठरवावे.